समुद्र किती पोटात घालील?

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून निघालेली वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीस मिळते, तोवर तिला नदी म्हणण्याचे धाडस थोडेच लोक करतील. बदलापूरवरून येणारी उल्हास त्या मानाने भाग्यवान. तिचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते. कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी अखेर समुद्रास मिळते आणि समुद्र सारे पोटात घालतो, या समजुतीवर या पट्ट्याचा कारभार दीर्घकाळ चालत आला आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनीत टँकरमधून ओतलेल्या रसायनाच्या वायूमुळे शेकडो लोकांना त्रास झाला, तेव्हा ती क्षणभर डळमळली, इतकेच.

वस्तुतः पोटात घालतात ते सूक्ष्मजीव, आणि त्यांचा हिशेब काटेकोर असतो. घाण कुजविताना जिवाणू प्रथम पाण्यातील प्राणवायू संपवितात. मग नायट्रेटवर श्वास चालवितात. त्यातील नायट्रोजन वायुरूपाने सुटून जातो. तेही सरले की पाळी सल्फेटची. त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड म्हणजेच नाल्याकाठची सडक्या अंड्यांची दुर्गंधी. गाळातील लोहाशी त्याचा संयोग झाला की गाळ काळा पडतो.

हीच उतरंड अरबी समुद्राच्या पोटात, माणसाच्या साहाय्यावाचून, फार पूर्वीपासून चालू आहे. तेथे सुमारे 150 ते 1000 मीटर खोलीच्या दरम्यान विस्तीर्ण क्षेत्रात प्राणवायू जवळजवळ नाही. वरून पडणाऱ्या मृत प्लवकांवर जगणारे जिवाणू तेथे नायट्रेटचा फडशा पाडतात. खुल्या महासागरांत अशी मोठी क्षेत्रे तीनच. उरलेली दोन प्रशांत महासागरात. पावसाळ्यात प्राणवायूची वानवा असलेले खोल पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे नायट्रस ऑक्साइडचे विलक्षण प्रमाण नोंदवून 2000 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक. जमिनीवरून वाहत येणाऱ्या वाढत्या नायट्रेटने हे संकट तीव्र होत असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यात वालधुनीचा वाटा नगण्य असेल, हे मान्य. पण किनाऱ्यावरचा प्रत्येक नाला हेच म्हणणार! आधीच गुदमरलेल्या समुद्राकडे पाठविण्याच्या पाण्यात नायट्रोजन किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे होते. केंद्र सरकारच्या 2015 च्या मसुद्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी तशी मर्यादा होती. ऑक्टोबर 2017 च्या अंतिम अधिसूचनेतून ती वगळली गेली, आणि 2019 मध्ये ती पुन्हा घालण्यास सांगावे लागले ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला.