कान्तोचे गवत आणि बुजलेली तळी

मुलांच्या हातातील व्हिडिओ गेमविषयी आपल्या समाजात दोनच मते ऐकू येतात. एका पक्षाला तो वेळेचा अपव्यय वाटतो, दुसऱ्याला निरुपद्रवी पोरखेळ. दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात. परंतु ज्या प्रदेशात मूल तासन् तास वावरते तो प्रदेश आहे तरी कसा, हे डोकावून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. मुलाला महिनाभर परगावी पाठवायचे झाले तर तेथले पाणी कसे, शेजार कसा, याची दहादा चौकशी होते. पडद्यातील गावाविषयी मात्र एकही प्रश्न विचारला जात नाही. आमचा आक्षेप या बेफिकिरीला आहे.

आम्ही बोलत आहोत ते पोकेमॉन या खेळाविषयी, आणि त्यातही त्याच्या पहिल्या काल्पनिक प्रदेशाविषयी. त्या प्रदेशाचे नाव कान्तो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्या निघाल्या आणि हा प्रदेश जगापुढे आला. खेळाचे सूत्र सोपे आहे. एक मूल घरातून निघते. उंच गवतातून, रानांतून, गुहांतून हिंडते. वाटेत भेटणारे अद्भुत प्राणी चेंडूत पकडते, त्यांना वाढवते आणि झुंजीत उतरवते. प्राण्यांच्या एकूण जाती १५१. त्या सगळ्या एकाच आवृत्तीत सापडत नाहीत. काही मिळवायच्या तर मित्राचे यंत्र आपल्या यंत्राला तारेने जोडून अदलाबदल करावी लागते. भारतातील पुष्कळ मुलांना हे जग २००३ पासून दूरचित्रवाणीवरील मालिकेमुळे परिचित झाले. त्यांतील कित्येक आज स्वतः आईबाप आहेत.

कान्तो हे नाव कोणी कल्पनेने रचलेले नाही. टोकियो आणि योकोहामा ही शहरे ज्यात येतात, तो जपानचा खराखुरा विभाग याच नावाचा आहे. खेळाच्या नकाशात टोकियोच्या जागी सॅफ्रन नावाचे महानगर आहे. उंच इमारती, मोठ्या कंपनीचे मुख्यालय, सारे काही आहे. प्राणी तेवढे कल्पित, भूमी ओळखीची. असे का, याचे उत्तर खेळाच्या निर्मात्याच्या बालपणात सापडते.

सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा येथे ते वाढले. त्या काळी तेथे भातखाचरे होती, तळी होती, रान होते. मुलगा किडे गोळा करण्यात इतका रंगून जाई की सवंगड्यांनी त्याला किड्यांचा डॉक्टर असे नाव ठेवले होते. मात्र टोकियो फुगत होते. माचिदाच्या सीमेवर तामा न्यू टाउन हे प्रचंड उपनगर उभे राहू लागले. १९७१ साली तेथे पहिली कुटुंबे राहावयास आली. टेकड्या सपाट झाल्या, खाचरे भरली गेली. मासे धरण्याचे तळे होते तेथे व्हिडिओ गेमचे खेळघर आले, असे ताजिरी यांनी १९९९ साली एका मुलाखतीत सांगितले आहे. हा मुलगा पुढे त्या खेळघरांतच रमला. १९८३ साली त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे खेळविषयक नियतकालिक काढले, आणि त्याच नावाच्या कंपनीने पुढे पोकेमॉन घडवला. पहिला खेळ पुरा व्हावयास सहा वर्षे लागली. किडे धरण्याचा आपला आनंद नव्या पिढीतील मुलांनाही मिळावा, हा त्यामागील हेतू ताजिरी यांनी स्वतःच सांगितला आहे.

आता या प्रदेशाकडे पाहा. त्याच्या पहिल्याच रानात हातात जाळी घेतलेली, किडे धरणारी पोरे भेटतात. गवतात शिरल्याशिवाय काहीच मिळत नाही. मुलाला गळ मिळतो आणि तो पाण्यात टाकून बसता येते. एका शहरात जुगाराच्या यंत्रांचे खेळघर आहे आणि त्याच्या तळघरात चोरांच्या टोळीचा अड्डा! लॅव्हेंडर नावाच्या गावी मेलेल्या प्राण्यांच्या थडग्यांचा मनोरा आहे. टोळीने ठार केलेल्या एका आईचा आत्मा तेथे आपल्या पिल्लासाठी घुटमळतो. हे सारे केवळ पोरखेळ म्हणून कसे सोडून द्यावे? आमच्या मते कान्तो हे बुजवलेल्या एका तळ्याचे स्मारक आहे. खरे तळे राहिले नाही म्हणून एका माणसाने ते पडद्यावर खणले.

या खेळावर आजवर आरोप थोडे झाले नाहीत. २००१ साली सौदी अरेबियाने त्यावर बंदी घातली. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतील बिशपांच्या उपग्रह वाहिनीने या खेळाच्या बाजूने कौल दिल्याचे वृत्त जगभर छापून आले होते. २०१६ साली गुजरातच्या उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ‘पोकेमॉन गो’ या फोनवरील खेळात देवळांच्या ठिकाणी अंडी दिसतात, अशी तक्रार होती. कोणी त्यात सैतान शोधला, कोणी जुगार, कोणी धर्माचा अवमान. ज्याला जे शोधायचे होते ते त्याने शोधले. मात्र ज्या तळ्यामुळे हा खेळ जन्मला, त्याची चौकशी यांपैकी कोणत्या फिर्यादीने केली?

दुसरा आरोप अधिक सुशिक्षित आहे आणि म्हणून अधिक फसवा. ‘सायन्स’ या प्रसिद्ध नियतकालिकात २००२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चार ते अकरा वर्षांच्या ब्रिटिश मुलांना चित्रपत्रिका दाखवण्यात आल्या. काहींवर त्यांच्या देशातील झाडे, प्राणी, कीटक, तर काहींवर पोकेमॉन. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनपैकी सुमारे ७८ टक्के ओळखता आले. खऱ्या सृष्टीतील जेमतेम ५३ टक्के. हे आकडे ऐकताच वडीलधारी मंडळी मान हलवतात आणि खेळाच्या नावाने बोटे मोडतात. आम्ही मात्र तेच आकडे उलट बाजूने वाचतो. चार वर्षांच्या मुलाला त्या पोकेमॉनपैकी सातच टक्के ठाऊक होते. म्हणजे आठाव्या वर्षापर्यंत त्याने डझनावारी जातींची नावे, रूपे आणि भेद आत्मसात केले, तेही शिक्षकाच्या छडीविना! मुलाची बुद्धी शाबूत आहे, कुतूहल शाबूत आहे, स्मरणशक्ती तर हेवा वाटावा अशी आहे. मग खंड्या आणि धीवर यांतील नाते त्याला ठाऊक नसेल तर दोष कोणाचा? ज्याने दाखवले त्याचा, की ज्याने दाखवलेच नाही त्याचा? त्या संशोधकांचाही रोख मुलांवर नव्हता. सृष्टीविषयी गोडी लावण्यात तिचे रक्षणकर्तेच खेळाच्या निर्मात्यांहून कमी पडले, असे त्यांचे म्हणणे होते.

याचा अर्थ आम्ही या खेळाचे वकीलपत्र घेतले आहे असा कोणी करू नये. कान्तोवर आमचाही एक आरोप आहे, आणि तो वरील सर्व आरोपांहून गंभीर आहे. कान्तोचे गवत कधी रिकामे होत नाही. त्यातून शंभर प्राणी धरा, एकशेएकावा उभाच आहे. कितीही वेळा गळ टाका, मासा लागतोच. तेथे घेण्याला हिशेब नाही आणि संपण्याची भीती नाही. खरी सृष्टी अशी नाही. खऱ्या तळ्यातील शेवटचा मासा हा शेवटचाच असतो. जे मूल न संपणाऱ्या गवतात वाढते, त्याच्या मनात पृथ्वी म्हणजे आपोआप भरणारे कोठार असा समज रुजण्याचा धोका आहे. झुंजीतील हिंसेची चिंता करणाऱ्यांनी या समजाची चिंता अधिक करावी.

परंतु नवल असे की, याही आरोपाला त्या प्रदेशाने स्वतःच उत्तर देऊन ठेवले आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पुढील आवृत्त्या आल्या. त्यांत खेळणारा तीन वर्षांनंतरच्या कान्तोत परत जातो. काय दिसते त्याला? व्हिरिडियनचे ते पहिले रान आकसून रस्त्याच्या कडेची झाडी तेवढी उरली आहे. प्राणी पाहण्याच्या सफारीला टाळे लागले आहे. सिनाबार बेटावरील गाव ज्वालामुखीने गिळले आहे. लॅव्हेंडरच्या थडग्यांच्या मनोऱ्याचे रेडिओ केंद्र झाले आहे, आणि थडगी एका लहानशा घरात हलवली आहेत. एकाच छोट्या कार्ट्रिजमध्ये दोन प्रदेश बसवायचे तर काटछाट करणे भागच होते, असे कोणी सांगेल. असेल. पण आपल्याकडे तरी रान कोणत्या कारणाने जाते? जागा अपुरी पडते, हेच कारण तर प्रत्येक वेळी सांगितले जाते! रान आधी, दफनभूमी नंतर, आणि प्रक्षेपणाचा मनोरा त्यांच्या जागी: हा क्रम खेळाने शोधलेला नाही, जगाकडून उचललेला आहे.

पुढे २००९ साली याच आवृत्त्या नव्या यंत्रासाठी पुन्हा निघाल्या, तेव्हा व्हिरिडियनचे रान होते तसे परत आणण्यात आले. नव्या कार्ट्रिजमध्ये जागा पुष्कळ होती. पडद्यावर असे करता येते. माचिदाची खाचरे मात्र कोणत्याही नव्या आवृत्तीत परत आलेली नाहीत.

आणि आता वसईकडे वळू, कारण ही मासे धरण्याच्या तळ्याची गोष्ट जपानपुरती नाही. आपल्या वाड्यांतील बावखले आठवा. केळीच्या आणि पानवेलींच्या बागा शिंपण्यासाठी पूर्वजांनी ती खणली. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना गोडवा देई. समुद्र इतका जवळ असूनही विहीर गोड राहिली, ती या मुरणाऱ्या पाण्याच्या जोरावर. त्यांतील कित्येक बावखले डबर आणि माती टाकून बुजवली गेली आहेत. त्यांवर इमारती उभ्या आहेत. ज्या काठावर एके काळी पोरे गळ टाकून बसत, तेथे आज मोटारी उभ्या असतात. अशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक मूल पडद्यावरील पाण्यात गळ टाकून बसलेले असते, आणि खालच्या मजल्यावर त्याचे आजोबा हल्लीच्या मुलांना निसर्गाची आवड नाही म्हणून खंत करीत असतात. यांतील कोणाला दोष द्यावा, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्यांनी तळे बुजवण्यास संमती दिली, त्यांना मुलाच्या हातातील यंत्र हिसकावून घेण्याचा अधिकार नाही. आधी काठ परत द्यावा, मग पडदा मागावा. यंत्र बंद केल्यावर मुलाने जायचे कोठे, याचे उत्तर ज्या घराजवळ नाही, त्या घराची शिस्त ही केवळ जप्ती ठरते.

आणि ज्यांच्या अंगणाशेजारी एखादे बावखल अजून जिवंत आहे, त्यांना आमची विनंती आहे. मुलाला त्याच्या खेळाविषयी प्रेमाने विचारा: व्हिरिडियनचे रान कोठे गेले? ते मूल तुम्हांला तपशीलवार सांगेल, कारण तो प्रदेश त्याला पाठ आहे. मग त्याचा हात धरून त्याला काठावर न्या. तेथे चतुर उडत असेल, पाणकोंबडी लव्हाळ्यात शिरत असेल. नावे सांगा, जी तुम्हांला येत नसतील ती शेजारच्या म्हाताऱ्या आजीला विचारा. एवढे मात्र आवर्जून सांगा की, हे गवत एकदाच उगवलेले आहे.

बिल्डरचा माणूस कागद घेऊन दाराशी येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी त्या मुलालाही एकदा विचारा. पडद्यावरची का होईना, एक भूमी आकसताना त्याने पाहिलेली आहे. या बाबतीत तो घरातील इतरांहून अधिक जाणता असण्याचा संभव आहे.