टायर पुन्हा बसवायचा की नाही?



ईस्टर आला की हायडेलबर्गमध्ये गाड्यांचे हिवाळी टायर उतरतात आणि तळघरातले उन्हाळी टायर बाहेर येतात. कुठे चीर, कुठे फुगा दिसतो. "अजून एक उन्हाळा निघेल," असे आपण सहज म्हणतो. आम्हांला वाटते, हा निर्णय अंदाजाने घेऊ नये.

काटकसर आपल्या अंगातच आहे. गावाकडे पंक्चर काढत काढत, टायरचा पार गोटा होईपर्यंत गाडी चालते. पण तिथला वेग वेगळा आणि ए-५ वरचा वेगळा. आजी-आजोबांना आणायला फ्रांकफुर्ट विमानतळावर निघालेल्या गाडीत आपण सारेच बसलेले असतो.

मग पारखायचे कसे? एक युरोचे नाणे नक्षीच्या खाचेत उभे धरा. त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटर रुंद असते. ती खाचेत बुडाली नाही, तर उन्हाळी टायर बदलायला आला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण पावसात तेवढ्यावर विसंबू नये.

टायरच्या बाजूला फुगा असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. असा टायर बसवूच नये. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल, तर मात्र कारागिराने टायर उतरवून आतून तपासल्यावर दुरुस्ती होऊ शकते. म्हणजे प्रत्येक टायर फेकायला नको.

मुलांनो, नाणे तुम्ही धरा. शंका वाटली तर "बाबा, आधी दुकानात दाखवू या," असे बेलाशक म्हणा. आणि पालकहो, तेव्हा मुलांचे ऐका!