सूत्र, टीका आणि एक मुके मॉड्यूल

मराठी गद्याची चर्चा आपण बहुधा कादंबरी, ललित निबंध, आत्मचरित्र आणि फार तर वैचारिक लेखन यांच्यापाशी थांबवतो. एखादी वस्तू कशी जोडावी, कशी चालवावी हे सांगणारे गद्य या चर्चेत येतच नाही. ते ‘उपयुक्त’ असते, आणि एकदा उपयुक्त म्हटले की समीक्षकाचे काम संपले, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी साहित्याच्या प्रांतात सर्वस्वी परक्या वाटणाऱ्या एका वस्तूचे उदाहरण मी घेणार आहे.

२००५ साली इटलीतील इव्ह्रेआ येथील एका डिझाइन संस्थेत ‘आर्डुइनो’ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड तयार झाला. अभियंता नसलेल्यांनाही दिवे, मोटारी, सेन्सर यांच्याशी खेळता यावे, हा त्यामागचा हेतू. आज तो पुण्याच्या बुधवार पेठेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही मिळतो. मूळच्या या बोर्डाला वायफाय नव्हते; त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागे आणि ती बोर्डापेक्षाही महाग पडे. २०१४ मध्ये ही स्थिती पालटली. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी ८२६६ या चिपवर आधारलेले ईएसपी-०१ हे मॉड्यूल आय-थिंकर या चिनी उत्पादकाने बाजारात आणले. आठ पिनांचे, अंगठ्याएवढे आणि पाच डॉलरच्या आसपास किमतीचे! त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते चीनबाहेरच्या हौशी मंडळींच्या नजरेस आले. अडचण एवढीच होती की, त्याची माहिती जवळजवळ सगळी चिनी भाषेत होती. वस्तू हातात होती, पण तिच्यापर्यंत नेणारी भाषा नव्हती.

मॉड्यूलशी बोलायचे ते ‘एटी’ आज्ञांमधून. ही आज्ञापद्धती १९८१ च्या हेज मोडेमपासून चालत आलेली. ‘एटी’ एवढीच दोन अक्षरे पाठवली की मॉड्यूल ‘ओके’ म्हणते. पुढच्या आज्ञा मात्र अशा गोळीबंद की, वायफायच्या जाळ्यात शिरण्याची आज्ञा म्हणजे सीडब्ल्यूजेएपी या पाच अक्षरांची एक मोळी. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अनोळखी वाटू नये. हे सूत्र आहे: अल्पाक्षर, नेमके आणि टीकेवाचून बंद.

आता नवशिक्याचे काय होते ते पाहू. तो तारा जोडतो, ‘एटी’ लिहितो आणि उत्तर येत नाही. कारणे अनेक असू शकतात. सीएच-पीडी ही पिन ३.३ व्होल्टला जोडायची राहिली असेल, तर मॉड्यूल जागेच होत नाही. एकाची बोलण्याची पिन दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पिनेला जोडायची असते. ती बोलण्याच्याच पिनेला जोडली असेल. आज्ञेच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी दोन चिन्हे, ओळीच्या आरंभी परतण्याचे आणि नव्या ओळीचे, पाठवायची राहिली असतील. कधी मॉड्यूल उत्तर देते आणि वायफायशी जोडले जाताना मध्येच कोलमडते; कारण आर्डुइनो ऊनो बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलीअँपिअर वीज देते, तर मॉड्यूलला प्रक्षेपणाच्या क्षणी त्याच्या कित्येक पट लागते. कारणे निरनिराळी, पण वाचकाला दिसते ती बहुधा एकच गोष्ट: मौन.

माझा मुद्दा इथे आहे. पिनांचा आणि विजेचा तपशील डेटाशीटमध्ये असतो, आज्ञांचा त्यांच्या यादीत. त्यात खोटे काही नसते. परंतु त्यांची रचना वस्तूच्या अवयवांनुसार केलेली असते; पिना एका तक्त्यात, वीज दुसऱ्यात, आज्ञा भलतीकडे. वाचक अवयव घेऊन येत नाही, तो मौन घेऊन येतो. ‘उत्तर आले नाही, तर प्रथम हे पाहा, मग ते’ असा क्रम लावणे म्हणजे वाचकाच्या अज्ञानाचा नकाशा आधी स्वतःच्या मनात काढणे होय. कथनाचा क्रम आणि घटनांचा क्रम यांतला फरक आपण कादंबरीच्या संदर्भात वर्गात शिकवतो. तोच फरक इथे आहे आणि इथे त्याच्यावर मॉड्यूल चालणे न चालणे अवलंबून आहे.

ही टीका उत्पादकाने एकट्याने लिहिली नाही. ती हौशी लोकांनी, चिनी मजकूर यांत्रिक भाषांतरातून चाचपडत वाचून, प्रयोग करून आणि फसलेले प्रयोगही नोंदवून उभी केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने विकाससंच खुला केला. २०१५ मध्ये आर्डुइनोच्याच साधनांतून ही चिप थेट प्रोग्रॅम करता येऊ लागली. निव्वळ स्वस्ताईने हे घडले नसते. चिप स्वस्त होती म्हणून लोकांनी ती घेतली; लिहिले गेले म्हणून ती वापरली.

असा आक्षेप येईल की, हे सारे तात्पुरते लेखन. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की कालबाह्य. त्याला साहित्यमूल्य कसले? ते साहित्य आहे असा माझा दावा नाही. ते गद्य आहे आणि चांगल्या-वाईट गद्याचा विवेक हे आपले काम आहे, एवढेच माझे म्हणणे. शिवाय ‘टीका’ हा प्रकार दुय्यम मानण्याचा अधिकार निदान मराठी वाचकाला नाही. ज्ञानेश्वरी ही संस्कृतापर्यंत न पोचणाऱ्या श्रोत्यासाठी शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली टीकाच आहे. तिची उंची या पुस्तिकांना असावी असे कोण म्हणेल? पण श्रोत्याला काय ठाऊक नाही याची काळजी वाहणे, हा गुण तिथून घेण्यासारखा आहे.

मराठीत या विषयावर लिहायचे म्हटले की चर्चा लगेच परिभाषेकडे वळते. मायक्रोकंट्रोलरला प्रतिशब्द कोणता, पिनेला काय म्हणावे? परिभाषाकोशांचे मोल मी नाकारत नाही. तथापि बुधवार पेठेत मॉड्यूल विकत घेणारा विद्यार्थी ‘पिन’ या शब्दापाशी अडत नाही. तो अडतो वाक्यांच्या क्रमापाशी. म्हणून दुसऱ्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवतो. मॉड्यूल चालते, समज येत नाही. उणीव शब्दांची कमी आणि वाक्यांची अधिक आहे.

आपल्या विद्यापीठांत उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिका आहेत. अर्ज, बातमी, जाहिरात यांच्याबरोबर एखाद्या मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेचे एक पानही तिथे विश्लेषणासाठी ठेवावे. वाचक कोणत्या वाक्यापाशी थांबेल आणि का, एवढाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. ज्याला त्याचे उत्तर देता येईल, त्याला गद्य वाचता येते असे मी निःशंकपणे म्हणेन.