खाल्ले मीठ आणि हडपसरची लढाई

दिवाळी जवळ आली की पुण्याच्या जुन्या वाड्यांतून आणि आता उंच इमारतींच्या आवारांतूनही मातीचे किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांवर गोणपाट अंथरून त्यावर चिखल लिंपावा, उतारावर अळीव पेरावे, बुरुजाबुरुजावर मावळे मांडावेत, हा मुलांचा फार जुना आणि फार आवडता उद्योग आहे. शेजारच्या आवारात दुसरा किल्ला असतोच. मग आपला गड आणि त्यांचा गड असे दोन पक्ष पडतात. हेर नेमले जातात, तह होतात आणि मोडतातही. पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या काल्पनिक राज्यांच्या खेळांतही प्रथम एक पक्ष निवडावा लागतो आणि त्याचे निशाण शेवटपर्यंत खांद्यावर वाहावे लागते.

अशा खेळात कधी कधी मोठा पेच उभा राहतो. आपल्याच नायकाने कैद्याला दिलेले वचन मोडले, तर त्याच्या शिपायाने काय करावे? नायकाशी इमान राखावे की वचनाशी? बहुतेक मुले नायकाच्या बाजूने कौल देतात आणि जो विरोध करील त्याला फितूर ठरवून मोकळी होतात. हा कौल घाईचा आहे. तो किती घाईचा आहे हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याच्या पूर्वेस हडपसरपर्यंत गेले तरी पुरे.

आज हडपसर हा पुणे शहराचाच एक गजबजलेला भाग आहे. सोलापूरच्या रस्त्यावर वाहनांची अखंड रीघ असते आणि मगरपट्ट्याच्या इमारतींत दिवसरात्र दिवे जळतात. दोनशे वर्षांपूर्वी येथे गाव, शेते आणि उघडे माळ होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, या माळावर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. एका बाजूस यशवंतराव होळकर होते. दुसऱ्या बाजूस दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांची एकत्र फौज होती. दौलतराव स्वतः तेथे नव्हते. त्यांचे सरदार सदाशिव भास्कर हे सैन्य चालवीत होते. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसे होती आणि दोन्ही बाजू मराठी राज्याचेच नाव घेत होत्या.

शिंदे आणि होळकर ही घराणी मुळात परस्परांची वैरी नव्हती. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर हे दोघेही थोरल्या बाजीरावांच्या हाताखाली उदयास आले आणि दोघांनी मिळून माळव्यात मराठ्यांचा अंमल बसविला. पुढे प्रदेश वाढला, वसुली वाढली, त्याबरोबर हेवाही वाढला. १७९३ साली लाखेरी येथे या दोन घराण्यांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. १७९७ साली तुकोजी होळकर वारले, तेव्हा त्यांच्या मुलांत वारसाचा तंटा लागला. दौलतराव शिंद्यांनी एका मुलाची बाजू घेतली आणि दुसऱ्याच्या, म्हणजे मल्हाररावांच्या, पुण्यातील छावणीवर हल्ला चढविला. मल्हारराव त्यात मारले गेले. त्यांचा लहान मुलगा खंडेराव पुढे शिंद्यांच्या ताब्यात राहिला. यशवंतरावांचे बंधू विठोजी यांनी पेशव्यांच्या मुलखात लुटालूट मांडली होती. ते पकडले गेले आणि एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांच्या आज्ञेवरून पुण्यात त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याच वर्षी यशवंतरावांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले आणि शिंद्यांच्या फौजेने होळकरांचे इंदूर लुटले.

या हकिकतीत निर्दोष कोण? होळकरांचे दुःख खरे होते. दोन भाऊ गेलेल्या माणसाने स्वस्थ बसावे, असे कोण म्हणेल? पण ज्यांची घरे लुटली गेली त्या उज्जैनच्या रहिवाशांनी विठोजींना मारले नव्हते. पेशव्यांची तक्रारही अगदी खोटी नव्हती, कारण विठोजींनी खरोखरच मुलूख लुटला होता. तथापि अपराध्याला शासन करणे वेगळे आणि सूड उगविणे वेगळे. प्रत्येक पक्षाने आपल्या जखमा तेवढ्या मोजल्या, आपण केलेल्या जखमा मोजल्या नाहीत.

लढाईच्या दिवशी यशवंतरावांनी आपल्या सैन्याला प्रथम हत्यार न चालविण्याची आज्ञा दिली होती, आणि समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत ते थांबले, असे सांगितले जाते. पुढे मात्र त्यांनी स्वतः घोडदळ घेऊन निकराचा हल्ला केला आणि जय मिळविला. पराभव दिसताच बाजीराव सिंहगडाकडे निघून गेले. या लढाईची धुमाळी वानवडीपर्यंत पसरली होती. त्याच वानवडीस आठ वर्षांपूर्वी, १७९४ साली, महादजी शिंद्यांनी देह ठेवला होता. ज्या महादजींनी पानिपतानंतर मराठ्यांचा दरारा दिल्लीत पुन्हा बसविला, त्यांच्या समाधीच्या आसपास त्यांचीच फौज मराठ्यांशी लढून पडली.

त्या फौजेतील एखाद्या साध्या शिपायाचा विचार करावा. खाल्ल्या मिठाला जागावे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हणही त्याच्या कानावरून गेली असेल. त्याने शिंद्यांचे मीठ खाल्ले होते. शिंद्यांनी पेशव्यांचे खाल्ले होते. पेशवे साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने कारभार करीत होते. होळकरही त्याच पंक्तीचे! मग मिठाला जागायचे ते नेमके कोणाच्या? म्हण येथे थांबते. तसे पाहिले तर ही म्हण इमानाची नव्हेच, ती खुशामतीची आहे.

यशवंतरावांच्या बाजूने व्हिकर्स नावाचा इंग्रज वंशाचा अंमलदार हडपसरला लढला. दोन वर्षांनी, १८०४ साली, होळकरांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा त्याने इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला. यशवंतरावांनी त्याचा शिरच्छेद करविला. त्याला कृतघ्न म्हणावे की प्रामाणिक? आपल्या पक्षाचा माणूस असे वागला तर आपण त्याला फितूर म्हणतो, आणि शत्रूच्या पक्षातील माणूस असे वागला तर त्याची वाहवा करतो. मोजमाप असे बाजूबाजूने बदलत असेल, तर ते मोजमापच नव्हे.

इमान म्हणजे काय, हे पुण्याने पूर्वी एकदा पाहिले होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला. दोष त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्याकडे जात होता आणि गादीवरही तेच बसले होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना तोंडावर सांगितले की या अपराधाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे, आणि ते पुणे सोडून गेले. ते शत्रूच्या छावणीत गेले नाहीत. रघुनाथरावांची सत्ता गेल्यावर ते आपल्या कामावर परत आले. त्यांनी पेशव्यांचेच मीठ खाल्ले होते, आणि ते खाल्ले म्हणूनच त्यांनी खरे सांगितले. विठोजींना मारविणारे बाजीराव याच रघुनाथरावांचे पुत्र. रामशास्त्री १७८९ साली वारले होते.

हडपसरनंतर बाजीराव कोकणात उतरले, इंग्रजांच्या जहाजाने वसईस गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह करून त्यांची फौज आपल्या राज्यात घेतली. यशवंतरावांनी प्रथम पुण्याला लुटीपासून जपले. पण पुढे पैशाची नड लागली तेव्हा पुणेकरांवर जबर वसुली लादली. १८०३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर दूर राहिले. १८०४ साली होळकर लढले, तेव्हा शिंद्यांचा तह होऊन गेला होता. एकेकटे लढून दोघेही हरले.

कोणी म्हणेल, शिपाई जर नायकाला प्रश्न विचारू लागले, तर फौजा चालतील कशा? प्रश्न रास्त आहे. गोळे सुटू लागल्यावर रणांगणात वाद घालता येत नाही. परंतु हडपसरचा माळ एका दिवसात सजला नव्हता. त्यासाठी पाच वर्षे लागली होती. मल्हाररावांच्या छावणीवर चालून जाण्याचा बेत ठरला तेव्हा, लहानग्या खंडेरावाला अडकवून ठेवले तेव्हा, उज्जैन लुटण्याचा हुकूम सुटला तेव्हा आणि शनिवारवाड्यापुढे हत्ती आणविला तेव्हा, त्या त्या धन्याचे मीठ खाल्लेली अनेक माणसे जवळच उभी होती.