यंदा खाचरात वाल पेरा

अंधेरी-बोरिवलीत, घाटकोपर-मुलुंडला राहणाऱ्या आणि पेण, रोहा, माणगावच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या मंडळींना विनंती आहे. यंदा भातकापणीनंतर खाचर ओस ठेवू नका. वाल पेरा, किंवा गावात जो कसतो त्याला पेरू द्या.

बिरड्यासाठी वाल आपण सांगतील त्या भावाने घेतो, आणि ते जिथे पिकतात ती शेतं मात्र पडीक पडत चालली आहेत. या पिकाला पाणीही द्यावं लागत नाही, भातामागच्या ओलीवर ते येतं. नडतात ती गुरं. कापणी झाली की ती मोकाट सुटतात आणि एकट्यादुकट्याने पेरलेला वाल बघता बघता फस्त होतो. म्हणून हे काम गावकीचं. गणपतीला जाल तेव्हा आरतीनंतर विषय काढाच : गुरं कधी आणि कुठे सोडायची?

दुसरी अडचण मातीची. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात. गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसली तर ती कामावर आहे. पण या कामाला स्फुरद लागतं, आणि कोकणच्या तांबड्या आम्ल मातीतलं लोह तेच धरून बसतं. भात पाण्यात उभा असताना त्यातलं थोडं सुटतं. पाणी आटलं की पुन्हा अडकतं, नेमकं वालाच्या वेळेला. उपाशी ठेवून ‘आमच्याकडे वाल येत नाही’ म्हणणं हा त्या पिकावर अन्याय आहे.

कडधान्याला हेक्टरी 50 किलो स्फुरद ही नेहमीची शिफारस, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटच्या साधारण सहा गोण्या. माती तपासून मात्रा ठरवा. खत फेकू नका, तासात बियाच्या खाली द्या, म्हणजे मातीत कमी अडकेल. बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठींत नत्र बांधणारे जिवाणू, चोळा. शेंगा काढल्यावर रोप उपटू नका, मुळं जमिनीतच राहू द्या.

ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्यांनी विसाव्या शतकात क्लोव्हर हा वालासारखाच नत्र बांधणारा चारा आणि सुपर फॉस्फेट यांच्या जोडीने हलक्या जमिनी सुधारल्या. आपल्याला परका क्लोव्हर कशाला हवा? आपला वाल आहेच. अर्थात दाण्यांबरोबर बरंच नत्र घरी येतं, तेव्हा पुढच्या भाताचं सगळं खत वाचेल अशी थाप मी मारणार नाही. पाला आणि भुसा शेतात परत गेला, तर भाताला काहीतरी नक्की मिळतं.

ज्यांची शेती नाही त्यांनी गावठी वाल मागून घ्यावेत, घासाघीस न करता. आणि शेतवाल्यांनी बियाण्याची सोय आताच करावी. कापणीनंतर ओल थोडेच दिवस टिकते.