उघडी वही

“यंत्राने केलेले संगीत हे संगीतच नव्हे,” असे आमच्या शाळेच्या वादसभेत एका विद्यार्थ्याने ठामपणे सांगितले आणि टाळ्या मिळविल्या. मला मात्र त्या टाळ्यांत सामील होता आले नाही.

१९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन गृहस्थाने ‘अमिगा’ या घरगुती संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ नावाचा प्रोग्राम तयार केला. त्यात स्वर रकान्यांतून वरून खाली लिहावयाचे. एका वेळी वाजणार चारच आवाज, आणि फ्लॉपीत जागा अवघी ८८० किलोबाइट! परंतु चित्र, संगीत व प्रोग्राम यांचा मेळ घालणाऱ्या युरोपातील ‘डेमोसीन’ या हौशी मंडळांतील मुलांनी एवढ्याशा साधनावर रचना केल्या, त्यांचे संग्रह एकेका फ्लॉपीत भरले आणि टपालाने दूरच्या मित्रांस धाडले. २०२० साली फिनलंडने या परंपरेस आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या संग्रहांचे खरे मोल निराळेच आहे. त्यांतील फाइलीत नुसता ध्वनी नसतो. आवाजांचे मूळ नमुने आणि ते केव्हा वाजवावेत याचे सारे लेखनही असते. ऐकणाऱ्याने ती उघडावी आणि कर्त्याची करणी ओळीओळीने वाचावी. नमुन्यांच्या नावांसाठी असलेल्या बावीस अक्षरांच्या जागेत कर्ते आपले नाव आणि मित्रांस नमस्कारही लिहीत.

हे पाहिले की मला आमच्या गावचे एक पेटीवाले आजोबा आठवतात. आम्ही घरी कोकणी बोलणारी मुले देवळात मराठी अभंग गात असू. आजोबांच्या वहीत कितीतरी जुन्या चाली होत्या. मी ती उतरून घ्यावयास मागितली. त्यांनी दिली नाही. पुढे ते निवर्तले. पेटारा उघडला तेव्हा वहीची वाळवीने माती केली होती. त्या चाली आता कोणासही येत नाहीत.

पंडित भातखंडे यांनी घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा मिळवून त्या स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. विद्या उघडी केल्याने ती उणी झाली काय?

उघड्या वहीतून चोरी होते, असे कोणी म्हणेल. होते खरी. त्या हौशी मंडळांतही दुसऱ्याचे काम आपले म्हणून मिरविणारे निघाले, आणि त्यांची छी-थूही झाली. चोरीवरचा उपाय कुलूप नव्हे. ज्याचे घेतले त्याचे नाव सांगण्याची सवय, हाच होय.

आज बटण दाबताच आयते गाणे हाती येते. ते ऐकावयास माझी ना नाही. परंतु विद्यार्थिमित्रांनो, चारच आवाज घेऊन का होईना, एखादी चाल स्वतः रचा. ती कशी रचली हे शेजारच्यास दाखवा. आणि जे उसने घेतले त्याचे ऋण लिहून ठेवा. वाळवीस वही सापडण्यापूर्वी ती मित्रास सापडू द्या.