पुरावा जातो तो कोर्टाबाहेरच

२७ सप्टेंबर २०१४ हा जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी तीनची. अर्जुन खोतकर यांचा अर्ज तीनच्या आत दाखल झाला की नंतर, यावर पुढे वाद झाला आणि त्याचे उत्तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले होते. खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, चित्रीकरणाच्या सीडीही न्यायालयापुढे आल्या. आले नाही ते एक प्रमाणपत्र. ही नक्कल अमुक यंत्रातून, ते नीट चालू असताना निघाली आहे, असे सांगणारे, पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे. वारंवार मागूनही निवडणूक यंत्रणेने ते दिले नाही. शेवटी अधिकाऱ्याने उलटतपासणीत जे मान्य केले, त्याचा आधार घेत उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले ते १४ जुलै २०२० रोजी. तोवर त्या विधानसभेची मुदत संपली होती, पुढची निवडणूक होऊन गेली होती आणि ती गोरंट्याल यांनी जिंकलीही होती.

वकील मंडळी या निकालातून एकच गोष्ट सांगतात: प्रमाणपत्र बंधनकारक. ते खरेच आहे. २००५ मध्ये संसद हल्ला खटल्यात न्यायालय म्हणाले, प्रमाणपत्र नसले तरी चालेल. २०१४ मध्ये म्हणाले, त्यावाचून चालणार नाही. २०१८ मध्ये पुन्हा ढील दिली आणि २०२० मध्ये जालन्याच्या प्रकरणात पुन्हा दोर आवळला. ज्याने प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळे केले आणि तरीही ते हाती आले नाही, त्याला मात्र सूट दिली. पंधरा वर्षे हा सगळा खल झाला तो न्यायालयाच्या उंबरठ्यावर दाखवायच्या कागदाचा. उंबरठ्यापर्यंत येण्याआधी ती फाइल कोणी, कुठे, कशी ठेवली होती, हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझ्या मते डिजिटल पुराव्याचे खरे नुकसान तिथे होते, आणि नेमक्या त्याच टप्प्यासाठी आपल्याकडे स्पष्ट नियम नाही.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने एक चांगली गोष्ट केली. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुनाच अनुसूचीत दिला. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ आकडे-अक्षरांचा येतो. करारनाम्याच्या फाइलमध्ये एक पूर्णविराम वाढवून ती जतन करा, ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. पण हा ठसा जेव्हा घेतला तेव्हापासूनचीच हमी देतो. अशिलाने भावाला फॉरवर्ड केलेला, भावाने कारकुनाला पाठवलेला, वाटेत आकसलेला आणि काढल्याची वेळ हरवून बसलेला फोटो दोन वर्षांनी हॅश करून दिला, तर ठसा बिनचूक असतो आणि फोटो संशयास्पदच राहतो.

दिवाणी प्रक्रियेत कागदपत्रे उघड करण्याची तरतूद आहे. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने ती कडकही केली. आपल्या ताब्यातले दाव्याशी संबंधित सगळे कागद, सोयीचे असोत वा गैरसोयीचे, शपथेवर द्यायचे; आणि ही जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत संपत नाही. २०१८ मध्ये या कायद्याखालच्या व्यापारी दाव्यांची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली, म्हणजे हा नियम आता साध्या व्यापाऱ्यालाही लागू होतो. पण शपथ घ्यायची ती जे उरले आहे त्याचीच. दरम्यान व्हॉट्सॲपवरचे संदेश चोवीस तासांत, सात दिवसांत किंवा नव्वद दिवसांत आपोआप पुसले जाण्याची सोय लावलेली असते, सीसीटीव्हीचा डीव्हीआर जुन्यावर नवे चित्रण चढवत असतो. मुद्दाम पुरावा नष्ट केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २४१ आहे. पण त्यासाठी हेतू सिद्ध करावा लागतो, आणि ‘फोन बदलला, जुने गेले’ यात हेतू कसा शोधणार? पोलिस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच बजावले. म्हणजे जपणुकीची मुदत ठरवता येते. नोटीस मिळाली त्या दिवसापासून दोन्ही पक्षांनी वादाशी संबंधित काहीही पुसायचे नाही, असा नियम त्याच धर्तीवर दिवाणी दाव्यांतही हवा.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो आणि तो हलका नाही. अमेरिकेत लाखो ईमेल चाळण्यावर होणारा खर्च कधीकधी दाव्याच्या रकमेलाच भारी पडतो, हे प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या कोर्टात ते आणायला कोणीच सांगत नाही. जपणे वेगळे, चाळून देणे वेगळे. आपोआप पुसण्याची सोय बंद करणे, फोन फॉरमॅट न करणे, डीव्हीआरची हार्डडिस्क काढून ठेवणे याला फारसा पैसा लागत नाही. तज्ज्ञ लागतो तो नंतर, आणि वादाच्या आकारानुसार. तज्ज्ञांची वानवा आहे, म्हणून तर मूळ वस्तू शाबूत ठेवणे अधिक गरजेचे. खासगीपणाचा आक्षेपही इथे लागू पडत नाही, कारण फोन मालकाकडेच राहतो. त्यातले काय दाखवायचे ते न्यायाधीश ठरवतील. राहिला लबाडांचा मुद्दा: पुसणारा नियम असला तरी पुसेलच. पुसेल, पण मग खुलासा त्याला द्यावा लागेल. न्यूयॉर्कच्या झुबुलेक खटल्यात जपायला सांगितलेले ईमेल यूबीएस या बँकेच्या कर्मचाऱ्यांनी पुसले, तेव्हा पुसलेला मजकूर बँकेच्या विरोधातला होता असे ज्युरीने मानावे, अशी मुभा न्यायाधीशांनी दिली. २००५ मध्ये ज्युरीने सुमारे २.९ कोटी डॉलरची भरपाई लावली. असा निष्कर्ष काढण्याची मुभा आपल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ मध्येही आहे. फक्त जपण्याचे कर्तव्य आधी कुठे लिहिलेले नसल्याने ती वापरायला न्यायालयांना घट्ट आधार मिळत नाही.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. वकिलांच्या नोटिशीच्या तळाशी एक वाक्य ठरलेले असते: सदर नोटिशीची स्थळप्रत पुढील कारवाईसाठी राखून ठेवली आहे. त्याच्याच वर आणखी एक ओळ घालता येईल, की या व्यवहारासंबंधीचे आपल्याकडील सर्व संदेश, ईमेल व चित्रण आजच्या तारखेपासून आहे त्या स्थितीत ठेवावे. आणि त्याच दिवशी हेच स्वतःच्या अशिलालाही लेखी कळवावे.